फेसबुकवर पोस्ट सगळ्यांना दिसावी, पण कमेंट मात्र मित्रयादीतल्यांनाच करता यावी, असं जमतं का?

जमतं. पोस्टच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टॅप करा, ‘हू कॅन कमेंट ऑन युवर पोस्ट’ उघडा आणि ‘पब्लिक’ऐवजी ‘फ्रेंड्स’ निवडा. ही सोय मार्च 2021 पासून आहे. तिसरा पर्याय फक्त पोस्टमध्ये उल्लेख केलेल्यांसाठी असतो. तो निवडून कुणाचाच उल्लेख केला नाही, तर कमेंट जवळपास बंदच. बरेच जण हीच युक्ती वापरतात.

गोंधळ होतो तो इथे: हा बदल त्या एकाच पोस्टपुरता असतो. पुढच्या सगळ्या सार्वजनिक पोस्टसाठी सेटिंग्जमधल्या ‘फॉलोअर्स अँड पब्लिक कंटेंट’मध्ये जावं लागतं. आधी पडलेल्या शिव्याही आपोआप जात नाहीत, त्या हातानेच उडवायच्या.

इन्स्टाग्रामवर एखादाच त्रास देत असेल, तर ब्लॉकपेक्षा ‘रिस्ट्रिक्ट’ बरं. त्याची नवी कमेंट त्याला स्वतःला दिसत राहते, इतरांना तुम्ही मंजूर केल्याशिवाय नाही. त्याला पत्ताही लागत नाही. नको असलेले शब्द असलेल्या कमेंट लपवणाऱ्या इन्स्टाग्रामच्या ‘हिडन वर्ड्स’ या सोयीत शब्द भरताना ‘मूर्ख’ देवनागरीत टाकून थांबू नका. रोमन लिपीत लोक तो जितक्या तऱ्हांनी लिहितात, तितके सगळे वेगवेगळे भरा.