आईला ऑपरेशनमध्येच रेडिएशन देऊन भागेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: आईचं वय ७४, स्तनातली कर्करोगाची गाठ १.४ सेंमी, ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली), सोनोग्राफीत काख स्वच्छ, म्हणजे तिथल्या गाठींत आजार दिसत नाही. सर्जन म्हणतात, गाठ काढतानाच एकदा रेडिएशन देऊन टाकू, मग रोजचे हेलपाटे नकोत. एवढ्याने भागेल का?

काही जणींचं भागतं. अडचण अशी की रेडिएशन देतात तेव्हा पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट हातात नसतो. तो यायला काही दिवस लागतात. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी सापडल्या, सेंटिनल नोडमध्ये (काखेतल्या, आजार आधी पोचतो त्या लसिकागाठीत) आजार निघाला, गाठ लोब्युलर (दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारची ठरली किंवा रक्तवाहिन्या-लसिकावाहिन्यांत पेशी दिसल्या, तर पूर्ण स्तनाला बाहेरून रेडिएशन द्यावंच लागतं. ऑपरेशनमधल्या आणि बाहेरून दिलेल्या रेडिएशनची तुलना करणाऱ्या टार्गिट-ए या मोठ्या अभ्यासात, त्याच ऑपरेशनमध्ये रेडिएशन ठरलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचातल्या एकीवर ही वेळ आली. आधीचा डोस तेव्हा वाया जात नाही, तो बूस्ट, म्हणजे गाठीच्या जागेचा जादा डोस, म्हणून धरला जातो. पण हेलपाटे चुकत नाहीत, आणि हे आईला आधीच सांगून ठेवायला हवं.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगतो. गाठ काढून उरलेल्या पोकळीत अ‍ॅप्लिकेटर बसवतात. इंट्राबीम यंत्राचा अ‍ॅप्लिकेटर गोल असतो, दीड ते पाच सेंमी व्यासाचा. पोकळीत नेमका बसेल तो निवडायचा. त्याच्याभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घालून आजूबाजूचा भाग त्याला घट्ट भिडवतात. हा टाका फार महत्त्वाचा, कारण ५० किलोव्होल्टचे हे क्ष-किरण खोल जात नाहीत: अ‍ॅप्लिकेटरच्या पृष्ठभागावर २० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक), तिथून १ सेंमीवर जेमतेम ५ ते ७ ग्रे. मध्ये रक्त किंवा हवा राहिली तर त्या जागी डोस अपुरा पडतो. उलट कातडी फार जवळ आली तर तिलाच इजा होते आणि जखम भरत नाही. म्हणून कातडी साधारण १ सेंमी लांब ठेवतात, गरज पडली तर टाक्याने वर ओढून धरतात. गाठ कातडीलगत असेल किंवा स्तन अगदी लहान असेल तर हे अंतर मिळत नाही, मग हा बेत सोडलेला बरा. या सगळ्यात भूल २० ते ४५ मिनिटं वाढते. हृदय किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञांशी आधी बोला.

दुसरी पद्धत इलेक्ट्रॉनची. तिच्यात २१ ग्रे दोन-चार मिनिटांत दिले जातात आणि फासळ्या-फुप्फुस वाचवायला स्तनाच्या मागे धातूची चकती ठेवतात.

निकाल कसे आहेत? टार्गिट-एमध्ये पाच वर्षांत त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण २.११ टक्के होतं, बाहेरून रेडिएशन घेतलेल्यांत ०.९५ टक्के. इलेक्ट्रॉन पद्धतीच्या, मिलानच्या एलियट अभ्यासात १५ वर्षांनी हेच आकडे १२.६ आणि २.४ टक्के निघाले. मृत्यूच्या प्रमाणात दोन्हीकडे लक्षणीय फरक नव्हता. अमेरिकेतल्या अ‍ॅस्ट्रो या रेडिएशनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, केवळ ऑपरेशनमधल्या रेडिएशनवर थांबण्याची शिफारस अभ्यास किंवा नोंदणीच्या चौकटीबाहेर केलेली नाही.

आता मला खरंच कळकळीने सांगायचंय ते हे: तुलना बाहेरून रेडिएशनच्या सहा आठवड्यांच्या जुन्या कोर्सशी करू नका. २०२० मध्ये निकाल आलेल्या फास्ट-फॉरवर्ड अभ्यासानंतर २६ ग्रे फक्त पाच फेऱ्यांत, एका आठवड्यात देता येतात. तेही अंतिम रिपोर्ट वाचून, मोजूनमापून. पाच दिवस येणं-जाणं जमणार असेल तर माझा कल तिकडे आहे. जमणारच नसेल आणि ऑपरेशन करणारी टीम हे काम नेहमी करणारी असेल, तर ऑपरेशनमधलं रेडिएशन विचारात घ्या.

आईच्या वयाला तिसरा पर्यायही आहे: रेडिएशन नाही, फक्त हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी. प्राइम-टू अभ्यासात ६५ च्या पुढच्या, ३ सेंमीपर्यंत गाठ आणि काख स्वच्छ असलेल्या स्त्रिया होत्या. दहा वर्षांत त्याच स्तनात आजार परतला तो रेडिएशन न घेतलेल्यांत ९.५ टक्के, घेतलेल्यांत ०.९ टक्के, जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, सुमारे ८१ टक्के. अट एकच, गोळी पाच वर्षं घ्यायची. सांधेदुखी किंवा ठिसूळ हाडांमुळे ती मध्येच सुटण्याची शक्यता असेल तर या पर्यायाचा पायाच डळमळतो. बायॉप्सीत ईआरची टक्केवारी किती आहे तेही पाहा. ईआर कमी असेल तर रेडिएशन टाळणं धोक्याचं.

ऑपरेशनमध्ये रेडिएशन घेतलंच, तर जखमेत पाणी साचू शकतं. बहुतेकदा ते आपोआप जिरतं, नाहीतर सुईने काढतात. पुढे त्या जागी चरबी मरून कडक गोळा किंवा कॅल्शियमचे ठिपके तयार होतात आणि मॅमोग्राफीत ते आजार परतल्यासारखे दिसू शकतात. तेव्हा दर वेळी रेडिऑलॉजिस्टना ऑपरेशनची तारीख, रेडिएशनचा प्रकार आणि डोस लिहून द्या, जुन्या फिल्मही सोबत न्या. नाहीतर नको ती बायॉप्सी होते.