छेदांचा सरळ गुणाकार केला तर बिघडलं कुठं?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. ५/१२ + ७/१८ या गणितात तिनं लसावि न काढता छेदांचा गुणाकार केला आणि उत्तर १७४/२१६ लिहिलं. बाईंनी अर्धा गुण कापला. लसावि काढायलाच हवा, असा नियम आहे का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : नाही ताई, असा नियम नाही. बेरजेला छेद सारखे हवेत, एवढीच अट. मग तो ३६ असो, ७२ असो की २१६. १७४/२१६ ला ६ नं संक्षेप द्या, २९/३६ येतं; लसावि काढूनही तेच आलं असतं. अर्धा गुण गेला तो बहुधा संक्षिप्त रूप न दिल्यामुळं. तेवढा मीही कापला असता.

खरी घोडचूक वेगळीच असते, ती तिनं केलेली नाही. वर अंशांची बेरीज, खाली छेदांची बेरीज आणि उत्तर १२/३०! म्हणजे २/५. हे तर एकट्या ५/१२ पेक्षाही कमी भरतं. असं कुणी लिहिलं की मी विचारायचो, "काय रे, खिशात आणखी पैसे टाकले आणि कमी कसे झाले?"

मग लसावि कशाला? आकडेमोड आटोक्यात राहावी म्हणून. १/१२ + १/१८ + १/२० करून पाहा. छेदांचा गुणाकार ४३२० होतो, लसावि फक्त १८०.

मूळ अवयव पाडायचा तिला कंटाळा असेल, तर ही रीत दाखवा. दोन छेदच अपूर्णांकासारखे मांडायचे : १२/१८. त्याला संक्षेप दिला की २/३. आता तिरकस गुणा : १२ × ३ = ३६, १८ × २ = ३६. दोन्हीकडं एकच संख्या आली, म्हणजे लसावि बरोबर. ताळा आपोआप झाला. पहिल्या अपूर्णांकाला ३ नं, दुसऱ्याला २ नं गुणायचं : १५/३६ + १४/३६. ही काही माझी युक्ती नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) छेद सारखे करण्याच्या दोन्ही रीती एकाच श्लोकात दिल्या आहेत : तुमच्या मुलीची आणि ही. दुसरी जाणत्यांनी वापरावी, असंही तिथं सुचवलंय.

लसावि काढला की उत्तराला संक्षेप द्यावा लागत नाही, असं मुलं एकमेकांना सांगतात. त्यात तथ्य नाही. १/६ + १/१० मध्ये लसावि ३०, उत्तर ८/३०, आणि ते पुन्हा ४/१५ करावंच लागतं.

छेद ७ आणि ९ असे असतील, दोघांना भाग जाणारी १ सोडून दुसरी संख्याच नसेल, तर तिला खुशाल सरळ गुणाकार करू द्या. तिथं ६३ हाच लसावि आहे.