दुभंगलेला ओठ, बसलेले नाक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ग्रहणात सुनेने विळीवर भाजी चिरली, म्हणून नातवाचा ओठ फाटला का?

उत्तर : नाही. वरचा ओठ गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो; तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचेही नीट कळलेले नसते. सुनेला बोल लावू नये. पुढच्या खेपेआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी आणि खर्रा किंवा गुडाखू अशा तंबाखूची सवय असल्यास ती सोडावी.

प्रश्न : बाळ दीड महिन्याचे आहे. सोयाबीन निघाल्यावर ओठ शिवला तर चालेल का?

उत्तर : शस्त्रक्रियेची वेळ पिकावर नव्हे, बाळावर ठरते. साधारण तीन महिने वय, साडेचार किलोच्या आसपास वजन आणि 10 ग्रॅम हिमोग्लोबिन झाले की भूलतज्ज्ञ व सर्जन तपासून तारीख देतात. तोवर आईचे काढलेले दूध बाळाला उभट धरून चमच्याने पाजावे आणि अंगणवाडीत नियमित वजन करावे. पैशांसाठी थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवल्यास मोफत शस्त्रक्रियेसाठी पाठवले जाते.

प्रश्न : टाके निघाले, पण वण लाल व कडक आहे. जाहिरातीतले मलम लावावे का?

उत्तर : लावू नये. वण सुरुवातीला कडक होतो आणि सहा महिने ते वर्षभरात मऊ पडतो. मालिश कधी सुरू करायची, हे सर्जनलाच विचारावे.

प्रश्न : मुलगी वीस वर्षांची आहे. ओठ लहानपणीच शिवला, पण एक नाकपुडी बसलेली आहे. दोन महिन्यांवर लग्न आहे. एके ठिकाणी अर्ध्या तासात इंजेक्शनने नाक सरळ करून देतो म्हणतात.

उत्तर : हे इंजेक्शन कृपया घेऊ नका. आधी शिवलेल्या जागेचा रक्तपुरवठा नाजूक असतो. इंजेक्शनमधले भरणद्रव्य (फिलर) रक्तवाहिनीत गेले तर कातडी काळी पडून झडू शकते, क्वचित दृष्टीही जाते. मुळात दोष केवळ वरच्या आकारात नसतो. नाकपुडीची कूर्चा (मऊ हाड) पसरलेली असते, मधला पडदा वाकलेला असतो आणि अशा कित्येकांचा ओठ उचलून पाहिला, तर हिरडीत करंगळीचे टोक जाईल एवढी खाच दिसते, म्हणजे नाकपुडीला खाली टेकायला हाडच नसते. ही खाच कमरेचे हाड घेऊन भरण्याचे योग्य वय साधारण आठ ते अकरा, सुळा उगवण्याआधी. पण ओठ शिवला की घरच्यांना काम संपल्यासारखे वाटते आणि तपासणीला येणे बंद होते, ते थेट स्थळे पाहायला लागल्यावरच नाकाची आठवण होते, याचे मला फार वाईट वाटते. वीस वर्षे म्हणजे नाकाची वाढ पूर्ण झालेली आहे, त्यामुळे शस्त्रक्रिया करता येईल. मात्र सूज पूर्ण उतरून आकार स्थिरावायला वर्ष लागू शकते, म्हणून दोन महिन्यांचा हट्ट सोडावा आणि प्लास्टिक सर्जनला हिरडीसह सगळे दाखवावे.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. हिरडीत फट आहे, पण दुखत नाही. थांबावे का?

उत्तर : नाही. वर सांगितलेले खाच भरण्याचे वय हेच आहे. याच महिन्यात दंततज्ज्ञाकडे नेऊन एक्स-रे काढावा आणि तो घेऊन सर्जनला भेटावे.