लिंक टाकायच्या आधी एवढं वाच

बेटा,

तुझा मेसेज वाचला. कंपनीनं आपल्या नावानं दिलेली वस्तूची लिंक लोकांना पाठवली अन् त्यावरून कोणी खरेदी केली तं कमिशन मिळते का, असं तू विचारलं, तं हो मिळते, फसवणूक नाही ती. पण हिशोब समजून घे आधी. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी तुझ्या लिंकवर कोणी क्लिक केलं की साधारण २४ तास त्याची खरेदी तुझ्या खात्याशी जोडलेली राहते, तेवढ्यात त्यानं जे घेतलं त्याची टक्केवारी तुला, आणि वस्तू परत गेली की तुझं कमिशन पण गेलं. मोबाईलवर टक्का अगदीच कमी, कपड्यांवर अन् घरच्या सामानावर बरा. पैसे लगेच हातात पडत नाहीत, म्हणून त्या भरवशावर कोणाकडून उसने घेऊ नको, हे मी जोर देऊन सांगतो.

गावात एक गोष्ट नक्की होणार. शेजारचे काका येतील, म्हणतील मला ते ॲप काही समजत नाही, तूच तुझ्या फोनवरून मागवून दे. मागवून दे ना, जरूर दे, फक्त स्वतःच्या लिंकवरून मागवू नको. स्वतःसाठी किंवा मित्र-नातेवाइकांसाठी आपणच आपल्या लिंकवरून ऑर्डर टाकणं ॲमेझॉनच्या नियमात बसत नाही, खातं बंद पडू शकते. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकायची परवानगी आहे की नाही हे पण प्रत्येक कंपनीचं वेगळं असते, ते बसून वाच, कंटाळा आला तरी वाच.

आता खरं काम. तू आपल्या लोकांना काय सुचवणार? मला वाटते बॅटरीचा फवारणी पंप घे, कारण त्यातलं तुला कळते. पण फोटो पाहून लिंक टाकू नको. गावात कोणाकडे तो पंप असेल तं हातात घे, १६ लिटरची टाकी साध्या पाण्यानं पूर्ण भर, पाठीवर घेऊन कपाशीच्या दोन ओळींमधून चालून पाह. झाकणातून पाणी पाठीवर येते का, पट्टा खांद्याला रुततो का, नोझलजवळ थेंब गळते का, एका चार्जिंगवर किती टाक्या निघतात, चार्जरची पिन ढिली तं नाही. अन् वॉरंटीचं सर्व्हिस सेंटर कुठं आहे, तालुक्याला की थेट नागपूरला, हे नक्की विचार, कारण ऐन फवारणीत पंप बंद पडला तं माणूस कंपनीकडे जात नाही, तुझ्या दारात येते. मग हे सगळं, चांगलं-वाईट दोन्ही, चार ओळीत लिहून लिंक टाक. आपल्या पिनकोडवर डिलिव्हरी आहे का तेही आधी टाकून पाह, नाही तं लोकांची खालीपिली मेहनत.

आणि लिंकच्या वरच स्पष्ट लिही, "यातून मला कमिशन मिळते". खाली कोपऱ्यात नाही, वर. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यातही जाहिरातीतल्या शिफारशीमागे पैशाचा संबंध असला तं तो सांगावा असंच आहे. सांगितल्यानं लोक तुटत नाहीत, लपवलेलं नंतर कळलं की मात्र तुटतात.

काही वस्तूंना हातच लावू नको. कीटकनाशक, बियाणं, गुडघेदुखीचं तेल, वजन कमी करायची पावडर. कमिशन कितीही असो. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, शेतकरी गेले, मजूर गेले. कोणतं औषध कशात मिसळायचं हे आपण मोबाईलवरून सांगायचं काम नाही, ते कृषी सहायकाला विचारू दे.

अन् कोणी म्हटलं आधी जॉइनिंगचे पैसे भर, मग तीन मेंबर जोड, त्यांच्या खालचे जोडले की तुला घरबसल्या पैसे, तं तिथून सरळ उठून ये. डायरेक्ट सेलिंगचे, म्हणजे दुकानाशिवाय माणसांमार्फत थेट विक्रीचे, २०२१ चे नियम आहेत, त्यात अशा साखळीला, म्हणजे पिरॅमिड स्कीमला, बंदी आहे, मेंबर जोडल्याच्या नावानं पैसे वाटणाऱ्या योजनांवर तं १९७८ चाच कायदा आहे. मेंबर म्हणून तू कोणाला जोडणार, मावशीला, मामाला, वर्गातल्या पोराला, अन् त्यांचे पैसे बुडाले तं लग्नाकार्यात तोंड कसं दाखवशील.

पंपाचं लिहून झालं की मला पाठव, टाकायच्या आधी. ताडपत्रीचं पण लिहायचं असेल तं टेप लावून स्वतः मोज, लिहिलेलं माप अन् आलेलं माप बरेचदा जुळत नाही, सोयाबीन काढणीच्या आधी ते लोकांना कळलं पायजे.