ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा डिझेल रेलकारचा प्रयोग फसला होता का? त्या म्हणजे रुळांवरच्या बसच होत्या ना?

फसला नव्हता. (ग्रेट वेस्टर्न ही ब्रिटनमधली जुनी रेल्वे कंपनी, आणि रेलकार म्हणजे स्वतःचंच इंजिन असलेला प्रवासी डबा.) आणि त्या 'बसच'मधला 'च' मला लागला, म्हणून लिहितोय.

माझे बाबा ३१ वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आले तेव्हा त्यांना डिडकॉटच्या रेल्वे संग्रहालयात २२ नंबरची रेलकार दाखवायला नेलं. सोबत माझा मेहुणा होता, वाफेच्या इंजिनांचा परमभक्त. गाडी बघताच तो म्हणाला, "ही कसली गाडी? रुळावर चढवलेली बस!"

बाबा काहीच बोलले नाहीत. गुडघे टेकून बसले आणि कडेच्या पत्र्याखाली डोकावले. या गाड्यांची इंजिनं फ्रेमच्या बाहेरच्या अंगाला टांगलेली असतात, दोन बाजूंना दोन. बाबा बराच वेळ नजरेनेच शाफ्ट कुठून कुठे जातो ते बघत होते. मग उठून मला म्हणाले, "बाहेर ठेवलंय ते बरं केलंय. माणसाचा हात पोचतो." गाडी कुणाची, वेग किती, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. मेहुण्याशी मात्र परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. जन्मभर बसखाली पडून काढलेल्या माणसासमोर 'बस' हा शब्द शिवीसारखा वापरला होता त्याने.

इंजिनं बसच्याच घराण्यातली होती, हे खरं. साउथहॉलची एईसी कंपनी, लंडनच्या बस बनवणारी. पण त्यात कमीपणा कसला? पहिली गाडी १९३३ च्या डिसेंबरात कामाला लागली, १३० अश्वशक्तीच्या एकाच इंजिनावर. पुढच्याच जुलैत दोन-दोन इंजिनांच्या गाड्या बर्मिंगहॅम-कार्डिफ धावू लागल्या. आत बुफे, आणि वाटेत थांबे फक्त ग्लॉस्टर आणि न्यूपोर्ट. गाड्या इतक्या भरायला लागल्या की जागा पुरेनात. खरी अडचण तिथे झाली: या सुरुवातीच्या गाड्यांना मागे डबा जोडायची सोयच नव्हती. गर्दी वाढली की आणखी एक डबा लावू, हे वाफेच्या गाडीला जमायचं, हिला नाही. पुढे १८ नंबरपासून मागे डबा ओढता यायला लागला आणि शेवटी दोन रेलकारांच्या मध्ये डबा घालून जोड्याही केल्या. एकूण ३८ गाड्या झाल्या, शेवटच्या १९६२ पर्यंत राबल्या. फसलेला प्रयोग जवळजवळ तीस वर्षं भाडं कमावतो का?

आणि १९५० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेने डिझेलच्या गाड्या शेकड्यांनी काढल्या, त्यातल्या बहुतेकांचं तंत्र हेच होतं. इंजिन डब्याखाली, फ्लुइड फ्लायव्हील (इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारी जोडणी), विल्सनचा गिअरबॉक्स (बसमध्येही वापरला जाणारा). इंजिन तेवढं आडवं निजवलं.

हां, काही गाड्या आगीत गेल्या, तेही सांगायला हवं. आणि जड गाड्यांच्या कामाला वाफेचंच इंजिन लागायचं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तुम्ही डिडकॉटला गेलात तर २२ नंबर कोणत्या दिवशी चालवतात ते आधी बघा. उभी गाडी बघून काही कळत नाही. आत बसा आणि सुटताना गिअर बदलतो तो आवाज ऐका. बाबांना तो ऐकवायचा राहिला, त्या दिवशी गाडी उभीच होती. मेहुण्याला मी दर वर्षी चल म्हणतो.