काझुओ इशिगुरो जपानी लेखक की इंग्रज? सुरुवात कुठून करावी?

माझ्या मते इंग्रजच. जपान त्यांच्याकडे आला तो बराचसा टपालाने.

जन्म 1954 चा, नागासाकीचा. वडील समुद्रशास्त्रज्ञ, त्यांच्या कामासाठी 1960 मध्ये कुटुंब इंग्लंडात गिल्डफर्डला आलं. पुढच्या वर्षी परत जायचंच, असं घरात दरवर्षी चालायचं. मुलगा मागे पडू नये म्हणून आजी-आजोबा दर महिन्याला पार्सल पाठवायचे, त्यात गेल्या महिन्याची जपानी मासिकं, कॉमिक्स. परत जाणं काही झालं नाही. पंचविशीत त्यांना उमगलं की डोक्यातला हा जपान कुठल्याच विमानाने गाठता येणार नाही, आणि तो विरायच्या आत त्यांनी लिहून काढला. 1982 आणि 1986 च्या दोन कादंबऱ्या त्यातून आल्या. प्रत्यक्ष जपानला ते गेले थेट 1989 मध्ये! तेव्हा या दोन पुस्तकांतून जपानची माहिती गोळा करायला बसू नका.

सुरुवात 'द रिमेन्स ऑफ द डे'पासून करा. बुकर याच कादंबरीला, 1989 चं. बटलर स्टीव्हन्स धन्याच्या हुकमावरून दोन ज्यू मोलकरणींना कामावरून काढतो, चकार शब्द न बोलता. पुढे धन्याला पस्तावा झाल्यावर घरातली हाउसकीपर मिस केंटन हिला सांगतो की मलाही ते रुचलं नव्हतं. ती चिडते, की मग तेव्हाच का नाही बोललात? स्टीव्हन्सच्या या गप्प राहण्यात काहींना जपानी संयम दिसतो. मला नाही दिसत. मी इंदूरचा. रामबागेत होळकरांची चाकरी केलेले म्हातारे आमच्या लहानपणी होते. मुंबईतल्या बावला नावाच्या व्यापाऱ्याच्या खून प्रकरणापायी इंदूरचे महाराज तुकोजीराव तिसरे यांना 1926 मध्ये गादी सोडावी लागली. तो विषय निघाला रे निघाला की आमचे आजोबा अडकित्ता हातात घेत, सुपारी कातरत राहत आणि मग म्हणत, "सरकार मनाने फार मोठे होते हो." स्टीव्हन्स वाचायला मला जपान लागलाच नाही.

1993 चा सिनेमा चांगला आहे, पण नंतर बघा. स्टीव्हन्स स्वतःचीच समजूत कशी घालत जातो, ही खरी गंमत, आणि ती त्याच्या निवेदनात आहे. नोबेल मिळालंय (2017) म्हणून एकदम 'द अनकन्सोल्ड' उचलू नका, तो ठोकळा भल्याभल्यांनी अर्ध्यात ठेवलाय. स्टीव्हन्स आवडला तर मग 1986 चं 'अॅन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड' घ्या. तिथेही एक म्हातारा चित्रकार स्वतःच्या जुन्या निष्ठांचा हिशेब असाच टाळत बसलाय.