स्विच ‘ऑफलाइन’ का जातो?

प्रश्न : घरात सहा वायफाय स्विच आहेत. त्यातले दोन रोज कधीतरी ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसतात. भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागतो. राउटर बंद-चालू केला की एक-दोन दिवस सगळं सुरळीत. फोनवर नेटचा वेग उत्तम आहे. स्विच बदलायचे का?

उत्तर : इतक्यात नको. बटणाने दिवा लागतो म्हणजे रिले (दिवा चालू-बंद करणारा स्विचमधला भाग) आणि वायरिंग ठीक आहे. तुटतोय तो राउटरशी संपर्क. फोनच्या वेगावर जाऊ नका. फोन बहुधा ५ गिगाहर्ट्झवर असतो, अशा स्विचना मात्र सहसा फक्त २.४ कळतं.

आधी दोन दिवस नुसती वेळ टिपून ठेवा. सगळे स्विच एकदम गेले तर दोष राउटरकडे. दर तासाला ठोक्याला गेले तर राउटरमधला ‘ग्रुप की’ (सगळ्या उपकरणांची सामाईक सांकेतिक किल्ली) बदलण्याचा कालावधी पाहा. तो बऱ्याचदा ३६०० सेकंद असतो. तुमच्यासारखे ठरावीक दोनच जात असतील, तर पहिला संशय सिग्नलवर.

स्विचच्या ॲपमध्ये किंवा राउटरच्या यादीत सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) मिळतो. उणे ६० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ७० च्या खाली कुरबुरी सुरू होतात आणि उणे ८० ला संपर्क नावापुरताच उरतो. आता फोन २.४ वर घेऊन त्याच बोर्डाला टेकवा. फोनला उणे ५५ आणि स्विचला उणे ७८ दिसत असेल, तर भिंतीतली लोखंडी पेटी सिग्नल गिळते आहे. तिथे प्लास्टिकची पेटी बसवून घ्या (काम एमसीबी पाडूनच), नाहीतर राउटर जवळ आणा.

मग राउटरची सेटिंग. २.४ चा चॅनेल ‘ऑटो’वर ठेवू नका, १, ६ किंवा ११ यांपैकी शेजारपाजारी कमी वापरात असलेला निवडा. ऑटोमध्ये राउटर मध्येच चॅनेल बदलतो आणि काही स्विच त्याच्या मागे जातच नाहीत. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२. २.४ आणि ५ हे दोन्ही बँड एकाच नावाखाली असतील तर वेगळे करा, पण जुनं नाव २.४ लाच राहू द्या आणि नवं नाव ५ ला द्या. उलट केलंत तर सहाही स्विच पुन्हा जोडत बसावं लागेल! एका वेळी एकच बदल, आणि मध्ये दोन दिवस जाऊ द्या. नाहीतर गुण कशाने आला ते कळणारच नाही.

प्रश्न : बोर्डात न्यूट्रल नाही म्हणून बिनन्यूट्रलचा स्मार्ट स्विच बसवला. बंद केल्यावरही एलईडी मिणमिणतो आणि स्विच अधूनमधून गायब होतो.

उत्तर : दोन्हीचं मूळ एकच. हा स्विच स्वतःपुरता थोडा करंट दिव्यातूनच ओढतो. तीन-पाच वॅटच्या दिव्याला तेवढा करंट मिणमिणायला पुरतो, पण त्यातून स्विचचं पोट भरत नाही. स्विचच्या कंपनीचा बायपास कपॅसिटर (स्विचचा करंट दिव्याला वळसा घालून नेणारा छोटा भाग) दिव्याच्या होल्डरपाशी, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, इलेक्ट्रिशियनकडून लावून घ्या. हाताला लागेल तो कपॅसिटर चालत नाही. कायमचा उपाय म्हणजे बोर्डापर्यंत न्यूट्रल ओढणे. आणि अर्थिंगच्या वायरला न्यूट्रल म्हणून जोडायला कोणी सुचवलं, तर त्याला बोर्डाला हातही लावू देऊ नका.

प्रश्न : झिगबीचे (वायफायऐवजी वेगळ्या बिनतारी पद्धतीने चालणारे) स्विच संध्याकाळीच दगा देतात. डोंगल (त्यांच्याशी संपर्क ठेवणारी यूएसबी काडी) मिनी पीसीच्या मागे लावलेला आहे.

उत्तर : यूएसबी ३ चा पोर्ट २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतो. डोंगल एक मीटरच्या एक्स्टेन्शन केबलवर घ्या आणि राउटरपासूनही दूर ठेवा. संध्याकाळचं कोडं मात्र वेगळं असू शकतं. झिगबीचे बल्ब दूरच्या स्विचचे निरोप पुढे पोचवतात. त्या वेळी कुणी भिंतीवरचं साधं बटण दाबून असा बल्ब बंद करत असेल, तर वाटेतला तो दुवाच जातो.